'अस्वस्थ पाय' : एका व्याधीच्या नामकरणाचा इतिहास

देवीचे व्रण, कुष्ठाचे चट्टे, काविळीतील डोळ्यांचा पिवळेपणा ही पाहणाऱ्यास दिसतात. अशा व्याधींची नावे देशोदेशी आणि काळोकाळी बदलली, तरी जुन्या ग्रंथातील वर्णनावरून त्यांची ओळख पटविणे फारसे कठीण जात नाही. परंतु जी व्याधी केवळ रोग्याच्या सांगण्यातच प्रकट होते, जिला ना सूज, ना ज्वर, ना स्पर्शाने कळणारा विकार, तिचा इतिहास हा बव्हंशी शब्दांचाच इतिहास असतो. रोगी काय बोलला, वैद्याने त्यातले काय ऐकले आणि ऐकलेल्याला त्याने कोणते नाव दिले, या तीन गोष्टींपलीकडे संशोधकाच्या हाती पुरावा असा उरत नाही. इंग्रजीत 'रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम' या नावाने रूढ झालेली व्याधी या प्रकारची आहे. नावाप्रमाणे उपचार बदलत गेले आणि त्याची बरीवाईट फळे रोग्यांनी भोगली, म्हणून या नामकरणाचा विचार केवळ कोशकाराच्या जिज्ञासेचा विषय राहत नाही.

प्रथम व्याधीचे स्वरूप थोडक्यात सांगितले पाहिजे. संध्याकाळ उतरू लागली किंवा रात्री अंथरुणाला पाठ टेकली, की पायांत, विशेषतः पोटऱ्यांत, खोलवर काहीतरी वळवळल्यासारखे, ओढल्यासारखे वाटू लागते आणि पाय हलविल्यावाचून राहवत नाही. पाय हलविला, उठून चार पावले टाकली, की तत्काळ बरे वाटते. पुन्हा पडले, की पुन्हा तेच. सकाळी व्याधी जणू नव्हतीच अशी नाहीशी होते. हा क्रम कित्येकांच्या बाबतीत वीस-वीस, तीस-तीस वर्षे चालतो. रात्री घर झोपलेले असताना ओसरीत येरझारा घालणारा, नाटकगृहात मुद्दाम कडेची खुर्ची मागणारा, रात्रीच्या लांब प्रवासाचे नाव काढताच धास्तावणारा मनुष्य घरच्यांना चमत्कारिक वाटतो. वैद्याकडे तो जातो दिवसा, आणि दिवसा त्याचे पाय अगदी धडधाकट असतात.

या व्याधीचे पहिले स्पष्ट वर्णन म्हणून थॉमस विलिस (१६२१–१६७५) या इंग्रज वैद्याच्या लेखनाकडे बोट दाखविले जाते. विलिस हा ऑक्सफर्डचा प्राध्यापक. मेंदूच्या तळाशी असलेल्या रक्तवाहिन्यांच्या वर्तुळास आजही त्याचेच नाव आहे, आणि मज्जाशास्त्राला 'न्यूरॉलॉजी' हा शब्दही त्याच्यापासूनच मिळाला. १६७२ साली प्रसिद्ध झालेल्या 'दे अनिमा ब्रुटोरुम' या लॅटिन ग्रंथात, आणि त्याच्या मृत्यूनंतर १६८५ साली इंग्रजीत निघालेल्या चिकित्साग्रंथात, निद्रानाशाच्या विवेचनाच्या ओघात तो काही रोग्यांविषयी सांगतो. हे रोगी झोपावयास गेले, की त्यांच्या हातापायांतील स्नायुबंध उसळू व आखडू लागतात, अंगाची तळमळ होते, आणि यातनागृहात टाकलेल्या माणसाला जितकी झोप लागेल तितकीच त्यांना लागते. एका कुलीन स्त्रीचे उदाहरणही त्याने दिले आहे. तिने जवळजवळ तीन महिने अफूचे औषध घेतले, त्याने तिच्या मेंदूला वा अन्य व्यापारांना अपाय झाला नाही, आणि दुसऱ्या उपायांनी रक्तातील दोष दूर झाल्यावर तिने अफू पूर्णपणे सोडली तरी तिला बऱ्यापैकी झोप लागू लागली.

या उताऱ्याचा अर्थ लावताना सावधगिरी हवी. विलिसला जे दिसले ते स्नायूंचे उसळणे. पायांच्या आत काय वाटते, हे त्याने रोग्याच्या शब्दांत नोंदविलेले नाही. शिवाय रक्तातील दोष आणि चेतनारस ही त्याची परिभाषा आपल्या परिभाषेशी जुळवून पाहण्याचा मोह होतो. पुढे या व्याधीचा रक्तातील लोहाशी संबंध सिद्ध झाला हे खरे; पण त्यावरून विलिसला तो आधीच उमगला होता असे म्हणणे म्हणजे त्याच्या शब्दात आपला अर्थ घालणे होय. त्याचे मोठेपण निराळ्या गोष्टीत आहे. त्याने रोग्याच्या यातनेवर विश्वास ठेवला, आणि यातनागृहाची उपमा वापरण्यास तो कचरला नाही.

हा विश्वास पुढील दोन शतकांत ओसरत गेला. १८६१ साली थेओडोर विटमाक या जर्मन वैद्याने या विकाराला 'अँक्झायटास टिबियारुम', म्हणजे नडग्यांची चिंता किंवा कासाविशी, असे लॅटिन नाव दिले. नाव मोठे अर्थगर्भ आहे. पण त्यातील 'चिंता' या शब्दाने व्याधीचे घर पायांतून हलवून मनात नेले. विटमाकने तिची गणना उन्मादाच्या, म्हणजे हिस्टेरियाच्या, लक्षणांत केली. त्यानंतर अमेरिकेत जॉर्ज बियर्डने रूढ केलेल्या 'न्यूरॅस्थेनिया' या सर्वसमावेशक पेटाऱ्यात तिची रवानगी झाली. एकदा व्याधी या पेटाऱ्यात पडली, की रोग्याला विश्रांती घेण्याचा सल्ला मिळावयाचा; आणि विश्रांती हेच तर या व्याधीचे उद्दीपक कारण! ज्याचे पाय निजल्यावर छळतात त्याला निजून राहावयास सांगणे, यापेक्षा क्रूर विनोद दुसरा कोणता असू शकेल?

या काळात लोकभाषा मात्र वैद्यांच्या भाषेपेक्षा अचूक होती असे दिसते. फ्रेंच भाषेत 'अधीरता' या अर्थाचा 'अँपासिअँस' हा शब्द अनेकवचनी वापरला, की त्याचा अर्थ पायांतील हीच चुळबुळ असा होतो. १८९८ साली जिल द ला तुरेत या मज्जाविकारतज्ज्ञाने 'स्नायूंच्या अधीरता' असा जो शब्दप्रयोग केला, त्याचे मूळ या बोलीत आहे हे उघड आहे. येथे अधीर होतात ते पाय. त्यांचा धनी नव्हे. अधीरता मनुष्याकडून काढून अवयवाकडे देणारी ही भाषिक योजना पुढे पन्नास वर्षांनी वैद्यकाने स्वीकारली.

ती स्वीकारणारा वैद्य म्हणजे कार्ल-आक्सेल एकबोम (१९०७–१९७७) हा स्वीडिश मज्जाविकारतज्ज्ञ. १९४४ साली त्याने आपला पहिला लेख लिहिला तेव्हा व्याधीला 'अस्थेनिया क्रुरुम पॅरेस्थेटिका' असे लांबलचक नाव देऊन, पुढे अवतरणचिन्हांत 'चिडखोर पाय' अशा अर्थाचे साधे इंग्रजी शब्द जोडले. दुसऱ्याच वर्षी, १९४५ साली, त्याचा इंग्रजी प्रबंधग्रंथ निघाला. त्यात 'चिडखोर' जाऊन 'अस्वस्थ' हे विशेषण आले, आणि लॅटिन नाव शीर्षकातून उपशीर्षकात ढकलले गेले. त्याच उपशीर्षकात ही पायांची आजवर दुर्लक्षित राहिलेली व्याधी आहे असे त्याने निःसंदिग्धपणे बजावले, आणि विटमाकच्या जुन्या नावाचीही आठवण ठेवली. 'अस्थेनिया' म्हणजे दुर्बलता; वस्तुतः या रोग्यांचे पाय दुर्बल नसतात, आणि शास्त्रीय नावातील हा चुकीचा भाग काळाने गाळून टाकला. साधे नाव टिकले. १९६० साली एकबोमने पुन्हा या विषयावर सविस्तर लेख लिहिला, तोपर्यंत 'रेस्टलेस लेग्ज' हे नाव रूढ होऊ लागले होते.

भाषेच्या अभ्यासकाने एकबोमकडे वळावे याचे आणखी एक कारण आहे. १९३८ साली याच वैद्याने एका निराळ्याच व्याधीचे वर्णन केले होते. उतारवयाकडे झुकलेल्या काही व्यक्तींना आपल्या त्वचेत किडे शिरले आहेत असा दृढ भ्रम होतो. त्या किडे काढून दाखविण्याचा यत्न करतात, कातडी ओरबाडतात. या कृमिभ्रमासही 'एकबोमची व्याधी' असेच नाव पडले, आणि पायांच्या व्याधीसही. एकाच वैद्याच्या नावाने दोन व्याधी ओळखल्या जाव्यात यामुळे ग्रंथसूचीत गोंधळ होतो तो होतोच. पण त्यामागे एक विलक्षण साम्य आहे. दोन्ही प्रकारचे रोगी किड्यांविषयी बोलतात. एक म्हणतो, 'माझ्या कातडीत किडे आहेत.' दुसरा म्हणतो, 'पोटरीत जणू किडे वळवळतात.' दोहोंतील अंतर 'जणू' या एका अव्ययाचे आहे. पहिल्याचे विधान भ्रम आहे, दुसऱ्याचे उपमा आहे. पायांच्या रोग्याला पायात किडे नाहीत हे पक्के ठाऊक असते. तो केवळ ज्या संवेदनेला भाषेत स्वतंत्र शब्द नाही तिच्यासाठी जवळचा शब्द उसना घेत असतो. हा 'जणू' वैद्याने ऐकला नाही, तर शहाण्या माणसाची गणना भ्रमिष्टांत व्हावयास वेळ लागत नाही. दोन्ही प्रकारचे रोगी एकाच वैद्याने ऐकले आणि दोघांना वेगळे ओळखले, हे एकबोमच्या कानाचे कौशल्य म्हटले पाहिजे.

अशा संवेदनांसाठी भाषा कोणत्या उपमा निवडतात हेही पाहण्यासारखे आहे. पाय बधिर होऊन झिणझिण्या येतात तेव्हा मराठी मनुष्य 'मुंग्या आल्या' म्हणतो. लॅटिन 'फॉर्मिकातिओ'त मुंगीच आहे. फ्रेंच, जर्मन आणि स्वीडिश या भाषांतील शब्दांतही मुंगीच आहे. मात्र ही सर्वत्र आढळणारी मुंगी आपल्या व्याधीचे वर्णन करण्यास अपुरी पडते. मुंग्या येतात त्या बहुधा त्वचेवर, आणि त्यांच्यासोबत बधिरता असते. अस्वस्थ पायांची संवेदना खोल असते आणि तीत बधिरता नसते. शिवाय तिच्यात हालचालीची ओढ असते, जी मुंग्यांत नाही.

आयुर्वेदीय ग्रंथांत या व्याधीचा शोध घेणाऱ्यांनी हा भेद ध्यानात ठेवणे इष्ट आहे. सुश्रुताने वातव्याधींच्या निदानात 'पादहर्ष' सांगितला आहे. आणि तोच आजची ही व्याधी होय, असे समीकरण मांडण्याकडे काहींचा कल असतो. परंतु पादहर्षाच्या लक्षणांत पाय झोपल्यासारखे होणे, म्हणजे प्रसुप्तता, आहे. रात्रीचा नियम नाही, आणि चालण्याने आराम पडतो हे तर मुळीच नाही. 'खल्ली' म्हणजे हातापायांत येणारे वळ, तीही निराळी. व्रणाच्या वेदनांची गणना करताना सुश्रुताने 'चुमचुमायन' असा जो ध्वन्यनुकारी शब्द योजला आहे, त्यावरून प्राचीन वैद्यांचे संवेदनांकडे किती बारीक लक्ष होते हे कळते. तेवढे समाधान पुरे. नावाच्या सादृश्यावरून व्याधीचे ऐक्य सिद्ध होत नाही.

मराठीकडे मात्र याहून मोलाची एक वस्तू आहे, आणि ती शब्दकोशात नसून व्याकरणात आहे. या व्याधीचे निर्णायक लक्षण म्हणून १९९५ साली आंतरराष्ट्रीय अभ्यासगटाने जे निकष ठरविले, आणि २००३ व २०१४ साली सुधारले, त्यांत हालचाल करण्याची अनिवार ओढ हे पहिले आहे. येथे एक तात्त्विक अडचण उभी राहते. रोगी पाय हलवितो ती क्रिया ऐच्छिक की अनैच्छिक? पाय आपोआप उडत नाही, रोगीच तो हलवितो. पण न हलविणे त्याच्या हाती नसते. इंग्रजीला यासाठी नाम आणि विशेषण यांची जुळवाजुळव करावी लागते. मराठीतील शक्य क्रियापद हे काम सहज करते. 'मला बसवत नाही', 'पडवत नाही', 'हलविल्यावाचून राहवत नाही' या वाक्यांत अनुभव घेणारा चतुर्थीत जातो, आणि क्रिया त्याची असूनही त्याच्या सत्तेबाहेरची ठरते. 'मी बसत नाही' आणि 'मला बसवत नाही' यांतील भेद कोणत्याही मराठी भाषकास शिकवावा लागत नाही. खेडोपाडी 'पाय शिवशिवतात', 'पाय चाळवतात', 'पायांत वळवळ होते' असे म्हणणारी आणि पोटऱ्यांना फडके आवळून बांधून घेणारी वृद्ध स्त्री निकषातील पहिले कलम आपल्या बोलीत सांगत असते. बेंगळूर येथील नागरी लोकसंख्येच्या पाहणीत या व्याधीचे प्रमाण २.१ टक्के आढळल्याचे २००७ साली प्रसिद्ध झाले. अमेरिका व पाच युरोपीय देशांतील २००५ सालच्या पाहणीत ते ७.२ टक्के, आणि खरोखर त्रास होणाऱ्यांचे २.७ टक्के होते. या तफावतीत वंशाचा व आहाराचा वाटा किती आणि प्रश्नावलीच्या भाषांतराचा किती, हा प्रश्न भाषाशास्त्रज्ञांनी विचारण्याजोगा आहे. 'ओढ' किंवा 'इच्छा' असा शब्द घालून विचारलेल्या प्रश्नास 'नाही' असे उत्तर देणारा रोगी 'बसवत नाही का?' या प्रश्नास 'होय' म्हणण्याचा पुष्कळ संभव आहे.

कारणमीमांसेकडे वळल्यास पहिले धन स्वीडनलाच द्यावे लागते. एकबोमच्या काही रोग्यांत रक्ताची कमतरता होती. १९५३ साली नॉर्डलांडर या त्याच्या देशबांधवाने शिरेवाटे लोह देऊन रोग्यांना आराम पडल्याचे नोंदविले. रक्तातील लोह पुरेसे दिसत असतानाही ऊतींत त्याचा तुटवडा असू शकेल, हा तर्कही त्याने मांडला. तो तर्क कित्येक दशके अडगळीत पडून राहिला. २००० साली बाल्टिमोरच्या संशोधकांना अशा रोग्यांच्या मेंदूभोवतीच्या द्रवात लोहसाठ्याचे निदर्शक असे फेरिटिन कमी आढळले, आणि २००३ साली मरणोत्तर तपासणीत मेंदूच्या विशिष्ट भागातील पेशींतच लोहाची उणीव दिसली, तेव्हा नॉर्डलांडरची आठवण झाली. मेंदूत डोपामीन हे द्रव्य तयार करणाऱ्या एका विकराला लोहाची गरज लागते, ही या दुव्याची रासायनिक बाजू. गर्भारपणी, मूत्रपिंडे निकामी झाल्यावर आणि वारंवार रक्तदान करणाऱ्यांत ही व्याधी अधिक का आढळते, याचाही काही उलगडा त्यातून होतो. १९६५ साली बोलोन्या येथे लुगारेसी व त्यांच्या सहकाऱ्यांनी निद्रेतील पायांचे नियतकालिक झटके यंत्राने टिपले, आणि व्याधीला प्रथमच डोळ्यांना दिसणारी खूण मिळाली असे वाटले. परंतु ते झटके इतरांतही आढळतात, म्हणून निदान अखेर रोग्याच्या बोलण्यावरच अवलंबून राहिले. २००७ साली काही जनुकीय दुवे सापडले, तरी या स्थितीत फरक पडलेला नाही.

डोपामीनची कथा उपचाराच्या इतिहासातील सर्वांत बोधप्रद, आणि काहीशी खेदजनक, आहे. १९८२ साली अकपिनार या तुर्की वैद्याने कंपवातावरील लेव्होडोपा हे औषध अस्वस्थ पायांना लागू पडते असे दाखविले. परिणाम चमत्कार वाटावा असा होता. वर्षानुवर्षे न झोपलेली माणसे त्याच रात्री झोपली. पण १९९६ साली अ‍ॅलन व अर्ली यांनी या औषधाचा दीर्घकालीन दुष्परिणाम पुढे आणला. लेव्होडोपा घेणाऱ्या दहा रोग्यांतील आठांहून अधिकांची व्याधी औषधाने वाढतच गेली. लक्षणे रात्रीऐवजी दुपारी सुरू होऊ लागली, पायांवरून हातांकडे पसरली, आणि मात्रा वाढविली की आणखी बिघडली. या प्रकाराला त्यांनी 'ऑगमेंटेशन' म्हटले. मराठीत 'औषधजन्य वृद्धी' म्हणता येईल. रोगी व वैद्य दोघेही ही वृद्धी मूळ व्याधीचीच समजून मात्रा चढवीत गेले, ही यातील शोकांतिका होय. २००५ साली रोपिनिरोल आणि २००६ साली प्रामिपेक्सोल या सौम्य समजल्या गेलेल्या औषधांना अमेरिकेत मान्यता मिळाली. तीही या दोषापासून मुक्त नाहीत हे पुढे कळले. काही रोग्यांत तर जुगार, अनावर खरेदी अशा प्रवृत्ती त्यांनी बळावल्या.

याच सुमारास नावाचा तंटा पेटला. औषधांच्या जाहिराती घरोघर पोहोचल्या, आणि २००६ साली वोलोशिन व श्वार्ट्झ यांनी वृत्तपत्रांनी या व्याधीला दिलेल्या प्रसिद्धीची चिकित्सा करून, निरोगी माणसांना रोगी ठरविण्याचा हा प्रकार असल्याची टीका केली. टीका जाहिरातबाजीपुरती रास्तच होती. तिचा फटका मात्र ज्यांची रात्र खरोखरच उद्ध्वस्त झाली होती त्यांना बसला. 'अस्वस्थ पाय' हे शब्द कानाला गमतीदार लागतात. त्यांवर विनोद होऊ लागले. म्हणून रोग्यांच्या अमेरिकन संस्थेने विलिस व एकबोम या दोघांच्या नावांनी व्याधीचे पुन्हा बारसे केले, आणि २०१३ साली स्वतःचे नावही बदलले. दोन वर्षांतच, २०१५ साली, तिला जुन्या नावाकडे परतावे लागले. व्यक्तिनामांकित संज्ञा आदरयुक्त असते, पण ती काही सांगत नाही. ज्याला स्वतःची व्याधी ओळखावयाची आहे त्याला विलिस कोण हे ठाऊक असण्याचे कारण नाही. विनोदाचा विषय झालेल्या त्या दोन साध्या शब्दांत मात्र तो स्वतःला तत्काळ ओळखतो.

सांप्रतच्या उपचारपद्धतीत क्रम बराच उलटला आहे. अमेरिकन निद्रावैद्यक अकादमीने २०२५ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनानुसार डोपामीनसदृश औषधे सरसकट देऊ नयेत असे ठरले. प्रथम रक्तातील फेरिटिन तपासावयाचे, ते प्रौढांत ७५ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर किंवा त्याहून कमी असल्यास लोह देण्याचा विचार करावयाचा, आणि औषधांत गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन या वर्गास अग्रक्रम द्यावयाचा. सर्दीवरील काही जुनी गुंगी आणणारी औषधे, उलटी थांबविणारे मेटोक्लोप्रामाइड आणि कित्येक नैराश्यनाशके ही व्याधी भडकवितात. म्हणून रोग्याच्या औषधपेटीची झडती हाही उपचाराचा भाग झाला आहे. झोपेसाठी म्हणून घेतलेली गोळीच झोप उडवीत होती, असे या झडतीत पुष्कळदा आढळून येते.

या सर्वांनी न शमणाऱ्या दुर्धर व्याधीसाठी अल्प मात्रेत अफूवर्गीय औषधे, योग्य देखरेखीखाली, वर्षानुवर्षे देता येतात, हेही आता मान्य झाले आहे. विलिसच्या त्या कुलीन स्त्रीला तीन महिने अफू देण्यात आली त्यास साडेतीनशे वर्षे उलटून गेली आहेत. आणि अफूने तिला अपाय झाला नाही हे नमूद करण्याची जी काळजी त्याने घेतली होती, तीच काळजी आजच्या चिकित्सकासही आपल्या टिपणात घ्यावी लागते.